पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

संगणक घरच्या घरी : लेखांक ९

मागच्या लेखात आपण जुन्या मशीनला चालणारी रॅम कशी निवडायची ते पाहिलं. समजा, ती आणली, कॅबिनेट उघडून बसवली आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटरवर मात्र मिट्ट काळोख. दुरुस्तीच्या दुकानात या दुखण्याचं एकच नाव आहे : ‘डिस्प्ले येत नाही.’

दोन वर्षांपूर्वी माझ्यावर हीच वेळ आली. आठ जीबीच्या जोडीला आणखी आठ जीबीची स्टिक लावली आणि पडदा गेला. मॉनिटर जुना होता, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर. केबल बदलली, मॉनिटर शेजाऱ्यांच्या घरी नेऊन जोडून पाहिला. तिथे तो व्यवस्थित चालला.

एवढी वरात काढायची गरज नव्हती. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं उमटत असतील, तर तो जिवंत आहे; त्याच्यापर्यंत काही पोचत नाही, इतकंच. त्याच्या मेनूत केबलप्रमाणे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट निवडलंय ना, ते बघा. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल, तर केबल त्या कार्डातच खोचायची. सवयीनं हात मदरबोर्डच्या जुन्या पोर्टकडे जातो आणि तिथून बहुधा काहीच येत नाही. इंटेलच्या आय५-१२४००एफ सारख्या, शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये तर स्वतःचं ग्राफिक्सच नसतं.

केबल बरोबर असूनही काळोख असेल, तर आत काय चालतं ते समजून घेऊ. बटण दाबलं की बायोस वर्गातल्या बाईंसारखी हजेरी घेतं. ढोबळ क्रम असा : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि शेवटी बूट डिस्क. या हजेरीला ‘पोस्ट’ म्हणतात. ग्राफिक्सचा नंबर तिसरा, त्यामुळे आधीच्या दोघांपैकी कुणी ‘हजर’ म्हटलं नाही, तर ते पडद्यावर लिहायची सोयच नसते. म्हणून मशीन बीप वाजवतं. किती बीप म्हणजे काय, हे बायोसनुसार बदलतं. मदरबोर्डची पुस्तिका बघावी. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो लागून राहील, तिथे हजेरी अडली.

दिवा रॅमचा असेल, तर आधी मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. नवी स्टिक काढून मशीन पूर्वीसारखं करा. चालू झालं? मग नवी एकटी लावून पाहा. चार स्लॉट असतील, तर एका स्टिकसाठी बहुधा प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट आणि दोघींसाठी दुसरा व चौथा. जुन्या स्टिकचे सोनेरी पट्टे काळवंडले असतील, तर खोडरबर हलकेच फिरवून कण झटकून टाका. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर करू नका. नवं मशीन डीडीआर५ चं असेल, तर पहिल्यांदा सुरू होताना ते रॅमशी जुळवून घेतं आणि काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. घाबरून मध्येच बटण दाबू नका.

प्रोसेसर बदलला असेल, तर त्याच्याजवळची आठ पिनांची वायर नीट बसली आहे का पाहा. एसएमपीएसची मोठी २४ पिनांची वायर जोडली की पंखे फिरतात, पण प्रोसेसरला त्या आठ पिनांच्या वायरीतूनच वीज मिळते. दुसरी अडचण बायोसची. २०१८ चा बी४५० मदरबोर्ड २०२० चे रायझेन ५००० प्रोसेसर चालवतो, पण बायोस अद्ययावत केल्यावरच. जुना प्रोसेसर विकण्याआधी हे काम उरकावं.

एवढ्यानंही भागलं नाही, तर वायर काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा. बायोसच्या बदललेल्या सेटिंग मूळ जागी येतात. घड्याळ तेवढं पुन्हा लावावं लागतं.

माझ्या मशीनमध्ये काय निघालं? नव्या स्टिकचा एका टोकाचा खटका लागला होता, दुसरं टोक नखाएवढं वर राहिलं होतं. अंगठ्यानं दाबलं, ‘टक्’ आवाज आला आणि दहा सेकंदांत डिस्प्ले. तासभर मी घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूवर संशय घेतला आणि जिला त्याच दिवशी हात लावला होता, तिला नवी म्हणून सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात : डिस्प्ले आला, पण विंडोज सुरू होत नाही.