विल्ट चेंबरलेन : गुणांचा डोंगर आणि दोन विजेतेपदे

बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचा जन्म 21 ऑगस्ट 1936 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फियात झाला. उंची सात फूट एक इंच. पण त्याचे यश नुसत्या उंचीवर मोजणाऱ्यांना तो शाळेत असताना धावण्याच्या आणि उंच उडीच्या स्पर्धाही गाजवत असे, हे ठाऊक नसते. कॅन्सस विद्यापीठाकडून 1957ची राष्ट्रीय अंतिम लढत तो तीन जादा डावांनंतर 53-54 अशी एका गुणाने हरला. पुढे विद्यापीठ सोडून हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या संघाबरोबर तो एक वर्ष खेळला आणि 1959मध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्समधून एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. पहिल्याच मोसमात सामन्यामागे 37.6 गुण, शिवाय सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही किताब!

1961-62च्या मोसमातले त्याचे आकडे छपाईची चूक वाटावेत असे आहेत. 80 सामन्यांत 4,029 गुण, म्हणजे सरासरी 50.4. सामना 48 मिनिटांचा, आणि तो मैदानावर सरासरी 48.5 मिनिटे, जादा डाव धरल्यामुळे हा हिशेब असा लागतो.

2 मार्च 1962 रोजी हर्शी या चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी वॉरियर्सची गाठ न्यूयॉर्क निक्सशी पडली. निक्सचा नेहमीचा सेंटर त्या दिवशी खेळत नव्हता. प्रेक्षक 4,124, दूरचित्रवाणीचे कॅमेरे नव्हतेच. चार सत्रांत विल्टने 23, 18, 28 आणि 31 गुण केले. शेवटी शेवटी त्याच्याकडे चेंडू जाऊ नये म्हणून निक्सचे खेळाडू वॉरियर्सच्या इतरांना मुद्दाम फाउल करू लागले, तर चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सनेही तेच आरंभले. खेळ म्हणून हा प्रकार फारसा शोभनीय नव्हता. अखेर 46 सेकंद उरलेले असताना शंभरी भरली. सामना 169-147 असा संपला. नंतर एका कागदावर हाताने ‘100’ लिहून त्याच्या हाती दिला गेला. तो हाती धरून काढलेल्या छायाचित्रात विल्ट दमलेला दिसतो.

त्या शंभरांत 28 गुण फ्री थ्रोचे होते, तेही 32 प्रयत्नांत. याचे नवल अशासाठी की फ्री थ्रो ही त्याची कायमची दुखरी नस. त्या मोसमात तो चेंडू दोन्ही हातांत धरून, गुडघ्यांत वाकून, खालून वर फेकत असे आणि त्याचे प्रमाण 61 टक्क्यांवर गेले होते. मात्र ही ढब बायकी दिसते अशी लाज वाटून त्याने ती सोडली, तशी कबुलीही आत्मचरित्रात दिली. कारकिर्दीचे प्रमाण जेमतेम 51 टक्के राहिले.

एवढे करूनही 1962चा सर्वोत्तम खेळाडू ठरला बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल, आणि प्लेऑफमध्ये बोस्टननेच वॉरियर्सला सातव्या सामन्यात दोन गुणांनी घरी पाठवले. ‘गुण विल्टचे, विजय रसेलचा’ असा शिक्का बसला तो असा. तो सर्वस्वी न्याय्य नव्हता. रसेलभोवतीचा संघ बहुतेक वेळा सरस असे.

1965मध्ये विल्ट फिलाडेल्फिया 76र्सकडे आला. तिथे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांनी त्याला स्वतः कमी फेकून इतरांना खेळवायला लावले. 1966-67मध्ये त्याची सरासरी 24.1वर उतरली, संघाने मात्र 81पैकी 68 सामने जिंकले, सलग आठ वर्षे अजिंक्य असलेल्या बोस्टनला 4-1 असे नमवले आणि विजेतेपद मिळवले. आपल्याला पास देता येत नाही ही टीका त्याला इतकी झोंबली होती की पुढच्या मोसमात 702 असिस्ट देऊन त्याने लीगमध्ये तोही पहिला क्रमांक पटकावला. हा हट्टही आकड्यांचाच!

1968मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. 1971-72च्या मोसमात लेकर्सने सलग 33 सामने जिंकले. विल्टला दुसरे विजेतेपद आणि अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. तोवर त्याचे मुख्य काम बचाव आणि रिबाउंड हेच उरले होते.

1973मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा 1,045 सामन्यांत 31,419 गुण आणि 23,924 रिबाउंड त्याच्या नावावर होते. एकूण गुणांचा विक्रम 1984मध्ये करीम अब्दुल-जब्बारने मोडला. 12 ऑक्टोबर 1999 रोजी विल्ट वारला. सामन्यात शंभर गुण आणि मोसमात 50.4ची सरासरी मात्र एनबीएत आजवर कुणालाही गाठता आलेली नाही.