लुबित्शची शिस्तबद्ध धमाल

अमेरिकी कोट्यधीशाच्या भव्य दालनात एका राजपुत्राचा गरीब नोकर, योसेफ, ताटकळत उभा आहे. पायाखालच्या लाकडी जमिनीवर गुंतागुंतीची नक्षी आहे. वेळ जाता जात नाही, तसा तो त्या नक्षीच्या रेषांवरून पावलं टाकू लागतो. त्याचा कंटाळा, त्याला गिळावा लागणारा अपमान आणि यजमानाची मग्रुरी, सगळं त्या चालण्यातून कळतं. 'डी आउस्टर्नप्रिंत्सेसिन' (१९१९) या मूकपटातला हा प्रसंग. आपली म्हणावी अशी शैली ज्यात दिसली ती पहिली विनोदी कलाकृती हीच, असं दिग्दर्शक एर्न्स्ट लुबित्शने पुढे स्वतःच लिहून ठेवलं.

लुबित्श बर्लिनचा. १८९२ साली तयार कपड्यांचा धंदा करणाऱ्या घरात जन्मलेला. १९११ पासून तो माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत छोट्या भूमिका करत होता. रंगमंचावर गर्दी कशी खेळवायची, हे त्याने तिथे जवळून पाहिलं.

या चित्रपटात ती गर्दी रांगेत उभी आहे. कालवांच्या व्यापारात गब्बर झालेला हा कोट्यधीश, मिस्टर क्वेकर, मजकूर सांगतो आणि टंकलेखिकांचा ताफाच तो टिपतो. त्याचा सिगार धरायलाही माणूस लागतो. मुलगी ओसी (ओसी ओस्वाल्डा) न्हाणार म्हटलं की दासींची फौज हजर. तिच्या लग्नाच्या मेजवानीत वाढपी कवायतीसारखे हलतात. नट मुद्दाम वेडेवाकडे चाळे करत नाहीत. हसू येतं ते मांडणीच्या अचूकपणामुळे. मग फॉक्सट्रॉटचे सूर सुरू होतात आणि नाचाची साथ पाहुण्यांपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत पसरते. आधीची शिस्त इतकी कडक, म्हणूनच तिचं मोडणं इतकं आनंदाचं.

चित्रपट झळकला तो जून १९१९ मध्ये. युद्ध हरलेल्या जर्मनीभोवतीची नाकेबंदी अजून पुरती उठली नव्हती आणि बर्लिनमध्ये अन्नाची टंचाई होती. अशा प्रेक्षकांपुढे लुबित्शने उधळपट्टीचा डोंगर उभा केला, आणि त्याच डोंगरावर बसलेल्या धनिकाला हास्यास्पद ठरवलं.

काहीही झालं तरी क्वेकरचं ठरलेलं उत्तर एकच: याचं मला काही विशेष वाटत नाही. शेवटी लेक-जावयाच्या खोलीच्या कुलपाच्या भोकातून डोकावल्यावर मात्र तो पहिल्यांदा प्रभावित होतो. एकच वाक्य पुन्हा पुन्हा पेरायचं आणि नेमक्या क्षणी उलटवायचं, ही रीत घेऊन लुबित्श १९२२ मध्ये हॉलिवूडला गेला. तिथे त्याच्या सूचक विनोदाचं फार कौतुक झालं. पण प्रेक्षकाच्या बुद्धीवरचा त्यामागचा विश्वास बर्लिनमध्येच पक्का झाला होता.