गाठ आणि चिठ्ठी

बाळाच्या अंगावरची गाठ सहसा डॉक्टरला प्रथम सापडत नाही. ती सापडते न्हाऊ घालणाऱ्या हाताला. आजी पाय लांब करून बसलेली असते, बाळ पायांवर पालथे असते, आणि तेल चोळता चोळता बोट एका जागी अडखळते. ती पुन्हा तेथेच बोट फिरवते. मग सुनेला हाक मारते. सूनही चाचपून पाहते. त्या घटकेपासून त्या दहा बाय बाराच्या खोलीत एक शब्द राहायला येतो : गाठ.

सुताची गाठ, लग्नाची गाठ, वाटेत पडलेली गाठ हे सगळे अर्थ त्या वेळी मागे पडतात आणि एकच उरतो. मुंबईत तर त्या अर्थाला पत्ताही आहे. 'टाटाला नेलं' एवढे म्हटले की आजाराचे नाव घ्यावे लागत नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि लोकांच्या बोलण्यात ते नाव आजाराचेच नाव होऊन बसले. त्यामुळे घाटकोपर किंवा मुलुंडच्या दवाखान्यात डॉक्टरने चिठ्ठी लिहिली आणि तीत 'परळ' हा शब्द आला, की आई घरी पोहोचण्यापूर्वीच वस्तीत निदान झालेले असते. शेजारीण विचारते, "टाटाला पाठवलं का गं?" वास्तविक चिठ्ठी वाडियाची असते.

चळवळीच्या नियतकालिकात बाळाच्या गाठीचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु वस्तीत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे की आपल्या दारावर थाप पडते ती फक्त मोर्चाच्या निरोपासाठी नव्हे. रात्री नऊला कोणी तरी घडी घातलेला कागद घेऊन येतो आणि म्हणतो, "सर, जयभीम. यात काय लिवलंय ते बघा." शिक्षकांना तर हा अनुभव नित्याचा. अशा वेळी आपल्याला त्या कागदाविषयी काय सांगता आले पाहिजे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

चिठ्ठी म्हणजे निकाल नव्हे, ही पहिली गोष्ट. बहुतेक चिठ्ठ्यांवर आजाराच्या नावाआधी एक प्रश्नचिन्ह असते. घरच्यांना वाटते, डॉक्टर काहीतरी लपवतो आहे. त्या प्रश्नचिन्हाचा सरळ अर्थ असा : मला अमुक वाटते, पण खात्री नाही, ज्याने अशी शेकडो मुले पाहिली आहेत त्याने पाहावे. 'मला कळत नाही' असे लिहून पुढे पाठवणारा डॉक्टर हा, माझ्या मते, कळल्याचा आव आणून तीन वेळा तेच औषध देणाऱ्या डॉक्टरपेक्षा अधिक विश्वासाचा. आमच्याच नात्यात एका तीन महिन्यांच्या मुलीच्या काखेत गाठ आली होती. कोपऱ्यावरच्या खाजगी डॉक्टरने तिचे झबले न काढताच दोनदा पातळ औषध लिहून दिले. तिसऱ्या वेळी आम्ही महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाला पूर्ण उघडे केले, दोन्ही काखा, मान, पोट चाचपले, डावा दंड उजेडाकडे करून पाहिला आणि मग चिठ्ठी लिहिली.

डावा दंड का? कारण जन्मल्यावर लगेच दिली जाणारी क्षयाची बीसीजी लस आपल्याकडे डाव्या दंडावर टोचतात. काही आठवड्यांनी तेथे फोड येतो, फुटतो, वण राहतो. थोड्या मुलांत त्याच बाजूच्या काखेत गाठ येते. ती लसीला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. बहुधा ती काही महिन्यांत आपोआप ओसरते. पू झाला तर डॉक्टर सुईने काढतात. बाळाला क्षय झाला असा तिचा अर्थ नाही. हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की ज्या वस्त्यांत क्षयाने माणसे गेली आहेत तेथे 'लशीमुळे गाठ' एवढेच अर्धे वाक्य पसरते आणि पुढच्या घरातले बाळ लसीवाचून राहते.

बाळाच्या अंगावरच्या बहुसंख्य गाठी अशाच निरुपद्रवी निघतात. जन्मानंतर दोनतीन आठवड्यांनी मानेच्या एका बाजूला स्नायूत घट्ट गाठ येते, बाळ मान एकाच बाजूला वळवते. व्यायामाने बहुतेक मुलांत वर्षभरात ते सुटते. लालभडक मऊ उंचवटा पहिले काही महिने वाढत जातो व पुढे वर्षानुवर्षे हळूहळू फिका पडतो. प्रसूतीच्या वेळी डोक्याला मार लागून साकळलेल्या रक्ताचे टेंगूळ काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, विरते. नवजात बाळाच्या छातीत, मुलगा असो की मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे गाठी येतात. त्या पिळून 'चीक' काढण्याची जी रीत आहे ती तेवढी बंद केली पाहिजे, कारण तिने चांगल्या छातीत पू होतो. रडताना बेंबी फुगते, ती बहुधा चारपाच वर्षांच्या आत आपोआप बसते. जांघेत फुगते ती मात्र बसत नाही. तिला शस्त्रक्रियाच लागते.

मग घाई कोठे करायची? जांघेतली गाठ कडक झाली, आत जात नाही, बाळ ओकते आहे, पोट फुगले आहे, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये. मानेच्या गाठीमुळे श्वास घ्यायला किंवा दूध ओढायला त्रास होत असेल, गाठ लाल व गरम होऊन बाळ तापाने मलूल झाले असेल, तरी तसेच. पोटात गाठ लागली तर ती पुन्हा पुन्हा दाबून शेजाऱ्यांना दाखवू नये आणि तपासणी आठवड्यावर ढकलू नये. मूत्रपिंडाच्या व इतर काही कर्करोगांची पहिली खूण आंघोळीच्या वेळी आईच्या हाताला लागलेली हीच गाठ असते. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर तेही याच मोजणीत धरावे. पाठीच्या मणक्यावरची किंवा नाकाच्या मुळाशी असलेली गाठ आत मेंदू-मज्जेशी जोडलेली असू शकते, म्हणून तपासणीचे चित्र निघेपर्यंत तिला कोणालाही सुई लावू देऊ नये.

'सुई लावली की गाठ पसरते' ही समजूत अन्यत्र मात्र घातक ठरते. तज्ज्ञ डॉक्टर गाठीतले पाणी किंवा तुकडा काढून तपासा म्हणतो तेव्हा तो गाठीचे नाव शोधत असतो, आणि नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. या तफावतीची कारणे देताना ती उशिरा झालेले निदान आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार या दोन्हींचा उल्लेख करते. मूल तेच, आजार तोच. मधले अंतर समाजाने निर्माण केलेले आहे.

येथे एका जुन्या गोष्टीकडे वळणे भाग आहे, कारण गाठ ही हात लावल्याशिवाय कळत नाही. ती मऊ की कडक, बोटाखाली सरकते की रुतून बसली आहे, रडताना वाढते का, हे सारे स्पर्शाचे ज्ञान आहे. आणि स्पर्शाचा आपला इतिहास वेगळा आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आले. बाबासाहेबांनी ते आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत घेतले आहे. बायको बाळंत होऊन दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्याच्या घरी येईना, बाळालाही तपासायला तयार होईना. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिल्यावर तो आला, तोही वस्तीबाहेरच पाहीन या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया म्हटले व तो निघून गेला. नंतर तो पुन्हा पाहायला आला नाही. ती बाई वारली.

आज थर्मामीटर असा हातोहात फिरत नाही. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर बाळाला हात न लावता औषध लिहितो, त्याचे कारण बहुतेकदा दारात उभी असलेली दीडशे माणसे असतात, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. परंतु जिच्या घराण्याने तो दुरावा भोगला आहे तिला गर्दीमुळे न लावलेला हात आणि विटाळामुळे न लावलेला हात दुरून सारखेच दिसतात. ती गप्प राहते, आणि गप्प परत येते. म्हणून सोबत गेलेल्याने शांतपणे म्हणावे, "डॉक्टर, गाठ इथे आहे, जरा हात लावून बघता का?" यात उर्मटपणा काही नाही.

आता अंतराचा प्रश्न. केईएम १९२६ चे, वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ चे, म्हणजे काठेवाडच्या त्या पत्राच्याच वर्षीचे, आणि टाटा १९४१ चे. ही रुग्णालये उभी राहिली तेव्हा महापालिकेची हद्द माहीम-शीवलाच संपत होती आणि गिरण्यांचा कामगार परळच्या आसपास राहत होता. अंधेरी, घाटकोपर १९५० साली मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. पुढे गिरण्या बंद पडल्या, कष्टकरी माणूस उत्तरेकडे सरकत गेला. मुलांचे सर्जन मात्र बव्हंशी जेथे होते तेथेच राहिले. राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, कांदिवलीचे शताब्दी, जुहूचे कूपर ही रुग्णालये उपनगरांत आहेत, २०२२ पासून 'आपला दवाखाना'ही निघाला आहे. पण लहान मुलाच्या अवघड गाठीसाठी चिठ्ठी अजून शीव, परळ किंवा मुंबई सेंट्रलची निघते. कागदावर ती एक ओळ असते. प्रत्यक्षात ती सकाळच्या गर्दीत तान्हे मूल घेऊन केलेला लोकलचा प्रवास, बुडालेली दोन माणसांची रोजी आणि तेथे गेल्यावर 'या विभागाची ओपीडी आज नाही, गुरुवारी या' हे उत्तर असते. कित्येक चिठ्ठ्या येथेच संपतात. म्हणून निघण्यापूर्वी कोणत्या वारी कोणता विभाग असतो हे चिठ्ठी देणाऱ्याकडूनच लिहून घ्यावे.

आणि ज्या दारापर्यंत पोहोचायचे तेही कायम उघडे असेलच असे गृहीत धरता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये थकलेल्या अनुदानावरून वाडिया बंद पडण्याची वेळ आली होती. आईबाप व कर्मचारी रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा निधी सुटला.

पैशाबाबत दोन गोष्टी. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. तिला रेशनकार्ड व ओळखीचे कागद लागतात, आणि नवजात बाळाचे नाव रेशनकार्डावर नसते. म्हणून जन्मदाखला आधी काढावा. धर्मादाय खाजगी रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लावून दिली आहे. ती दारावर लिहिलेली असली तरी मागितल्याशिवाय मिळत नाही. मागायचे ते रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात, खिडकीवरच्या कारकुनाकडे नव्हे.

घरातला एक अडथळा आपणच दूर करू शकतो. गाठ सापडली की दोष आईवर येतो : ग्रहणात बाहेर गेली, भाजी चिरली, नजर लागू दिली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही ग्रहण येतेच, हे कबूल केले पाहिजे. मग लेप, शेक, चोळणे सुरू होते. मेळघाटात तर बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देतात. आजीला रागावून यातले काही थांबत नाही. गाठ तिच्याच बोटांनी शोधली आहे, हे मान्य करून तिलाच रुग्णालयात सोबत न्यावे. गाठ कधी सापडली, तेव्हा केवढी होती, हरभऱ्याएवढी की लिंबाएवढी, हे डॉक्टरला तिच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

आमच्या त्या मुलीच्या तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला सोनोग्राफी लिहून दिली, दुसऱ्या खेपेला ती पाहून 'थांबू या' म्हणाले. 'थांबू या' हा शब्द घरी पोहोचवणे सर्वांत कठीण गेले, कारण औषध दिले नाही म्हणजे हाकलले, असाच आपल्याकडे अर्थ होतो. थांबणे हाही उपचार असतो, पण तारखेसह. 'दोन महिन्यांनी या' म्हणाले तर तारीख कालनिर्णयवर लिहावी, केसपेपर व सोनोग्राफीचा कागद एकाच पिशवीत ठेवून पिशवी खुंटीला लावावी. कार्यकर्त्याने ती तारीख आपल्याही वहीत टिपून घ्यावी, आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन यावे, आणि उद्या मोठ्या मुलाला शाळेतून कोण आणणार आहे, तेवढे विचारून घ्यावे.