शिक्षक, सेनानी आणि बंदिवान : मोहन रानडे

आमच्या मांद्रे गावाच्या उत्तरेस, याच पेडणे तालुक्यात, तेरेखोलचा किल्ला आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. गोमंतकाच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांत जसे निःशस्त्र सत्याग्रही होते, तसेच शस्त्र हाती घेणारेही होते. त्यांपैकी मोहन रानडे यांच्या चरित्राचा परिचय विद्यार्थिबंधुभगिनींस करून द्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

रानडे यांचे मूळ नाव मनोहर आपटे. त्यांचा जन्म १९३० साली सांगली येथे झाला. तरुणपणी ते गोव्यात आले ते मराठीचे शिक्षक म्हणून. त्या वेळी सालाझारच्या राजवटीत सभेस व वृत्तपत्रास मोकळीक नव्हती. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहिया यांनी मडगावी सभाबंदी मोडली. पण पुढे साध्या भाषणासाठीही माणसे तुरुंगात जाऊ लागली. सनदशीर मार्ग असे बंद झाल्यामुळेच १९४७ साली विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आदी तरुणांनी आझाद गोमंतक दल उभारले. रानडे या दलात सामील झाले.

दलाजवळ सैन्य नव्हते. लहान तुकडीने रात्री चौकीवर अकस्मात छापा घालावयाचा, शस्त्रे हस्तगत करावयाची व गावकऱ्यांच्या आश्रयाने निसटावयाचे, ही त्यांची रीत. १९५४ च्या नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातही रानडे होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये, पणजीसमोर मांडवीच्या पैलतीरी असलेल्या बेती येथील पोलीस चौकीवर रानडे यांनी हल्ला केला. त्यात ते गोळी लागून घायाळ झाले आणि पकडले गेले.

त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. त्यांपैकी सुमारे सहा वर्षे त्यांनी एकांतवासात काढली. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळील काशियसच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. येथे बंदी झालेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक १९६२ साली मायदेशी परतले. पण ज्याने गोव्यासाठी रक्त सांडले तो मात्र परमुलखात कोठडीतच राहिला! याचे कारण असे की, पोर्तुगाल गोव्याचे विलीनीकरण मान्य करीत नव्हता आणि उभय देशांतील राजनैतिक संबंधही तुटलेले होते. तेव्हा लोकांनीच हे कार्य हाती घेतले. सुप्रसिद्ध गायक सुधीर फडके यांनी सुटकेसाठी अविश्रांत खटपट केली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ साली पोप सहावे पॉल यांच्या भेटीत याच बंदिवानासाठी शब्द टाकला. अखेर जानेवारी १९६९ मध्ये, तेरा वर्षांहून अधिक बंदिवासानंतर, रानडे मुक्त झाले. काही दिवसांतच, ३ फेब्रुवारी रोजी, अण्णादुराई निवर्तले.

शस्त्राचा मार्ग योग्य होता काय, असा प्रश्न कोणी विचारील. पोर्तुगीज पोलिसांत गोमंतकीय शिपाईही होते, हे विसरून चालणार नाही. शस्त्राचे मोल नेहमीच दोन्ही बाजूंच्या घरांना द्यावे लागते. तथापि सभा, लेखणी आणि सत्याग्रह यांची वाट जेथे बुजविली जाते, तेथेच तरुण बंदुकीकडे वळतात, हा या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो.

सुटकेनंतर रानडे यांनी पुन्हा शस्त्र धरले नाही. त्याची आवश्यकताच उरली नव्हती. ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन त्यांनी लिहिले आणि गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणास साहाय्य केले. २००१ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. २५ जून २०१९ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. शिक्षक म्हणून आलेला हा सेनानी अखेरीस विद्यार्थ्यांकडेच परतला. आज आम्ही ज्या वर्गात निर्भयपणे मराठी वाचतो, त्या निर्भयतेसाठी एका शिक्षकाने आपल्या तारुण्याची किंमत मोजली आहे, याचे स्मरण आम्ही ठेवू.