नदीकाठचे मजले

पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी सकाळी उभे राहिले, की पाणकणसाच्या दाटीतून वटवट्याचा आवाज येतो. पक्षी सहसा दिसत नाही, तो खालच्या गचपणातच वावरतो. त्याच्या वर वाळुंजाच्या फांदीवर खंड्या पाण्यावर डोळा लावून बसलेला असतो आणि उंबराच्या शेंड्यावरून तांबटाची टुक्-टुक् चाललेली असते. काठ एकच, तिघांचे मजले वेगळे.

रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर या भावांनी अमेरिकेत असे मजले मोजून १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधन अगदी साधे होते : एक फळी हळूहळू दूर न्यायची आणि पानांआड ती निम्मी झाकली गेली की अंतर टिपायचे. अंतर जितके कमी, तितकी त्या उंचीवर पाने दाट. दोन फुटांपर्यंत, २ ते २५ फूट आणि त्याहून वर, असे तीन थर त्यांनी धरले. तिन्ही थरांत पाने सारखी वाटलेली असतील, तिथे पक्ष्यांची विविधता जास्त आढळली. झाडांच्या जाती वेगळ्या मोजून त्या अंदाजात काही भर पडली नाही.

आपल्या नदीखोऱ्यांसाठी मला हे उत्तर अर्धेच वाटते. उंबराच्या जागी तेवढाच उंच निलगिरी लावला तर मजला भरेल, पण फळे खाणाऱ्यांचे ताट रिकामेच राहील. उंबर फोडल्यावर आत दिसणारे बारीक किडे त्याचे परागण करतात. पंख फुटल्यावर ते जेमतेम एक-दोन दिवस जगतात, म्हणून आसपास कुठल्या ना कुठल्या झाडावर नवी, कोवळी उंबरे लागलेली असावीच लागतात. सगळी झाडे एकदम पिकत नाहीत ती यामुळे. आंबा-जांभळाचा हंगाम सरला तरी तांबट, कोकीळ आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांची सोय होते. फेड मात्र सारखी नसते. तांबटाच्या विष्ठेतून उंबराचे बी दूरवर पडते. हरियालाच्या पोटात त्यातले बरेचसे दळले जाते.

नदीकाठ साफ करायला घेतला की पहिला घाव बसतो तो झुडपांवर. करंजाची कोवळी रोपे, शेरणी, वेलींचे जाळे, सगळे एका दिवसात निघते. उरलेली हिरवळ आणि उंच झाडांची रांग लांबून छान दिसते, आणि याचेच मला फार वाईट वाटते, कारण काय गेले ते कुणाच्या लक्षातच येत नाही. बुलबुलाची वाटी आणि शिंप्याने पाने शिवून केलेले घरटे असते ते बहुधा याच मधल्या मजल्यावर.