बायोत काय लिहिणार?

इन्स्टाच्या बायोत काय लिहिलंय तुम्ही? 'ट्रॅव्हलर, म्युझिक लव्हर, ड्रीमर'? फ्रेशर्स पार्टीत माइक हातात आला की अजूनच गोची होते. नाव सांगितलं, गाव मंद्रूप, बीए सेकंड इयर... पुढे काय? 'बासरी वाजवतो, पण तेवढी नाही येत,' असं पुटपुटत आपण माइक शेजारच्याच्या हातात देऊन मोकळे.

अशा वेळी अनिल अवचट आठवा. जन्म १९४४, गाव पुणे जिल्ह्यातलं ओतूर. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले, पण रमले पत्रकारितेत. बिहारच्या पूर्णिया भागात फिरून तिथली गरिबी पाहिली आणि त्यावर पहिलं पुस्तक लिहिलं, 'पूर्णिया'. साल १९६९. पुढे निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लिहिलं. निपाणीची तंबाखू विडीची आणि आपल्या सोलापुरात घरोघरी बायका विड्या वळतात. म्हणजे हा विषय तुमच्या-माझ्या दारातलाच की!

ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर त्यांनी लेख लिहिले, त्यातून 'गर्द' पुस्तक झालं. ते लेख वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले, मदतीला उभे राहिले आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं केलं त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी. लिहून काय होतं, असं विचारणाऱ्याला हे उत्तर पुरे.

आणि हाच माणूस बासरी वाजवायचा. बंदिशी गायचा, ओरिगामी करायचा, लाकडात शिल्पं कोरायचा, चित्रं काढायचा. तिकीट लावून मैफल करायची म्हणून ही बासरी नव्हतीच. स्वतःसाठी वाजवायची, समोर कुणी असेल तर त्यालाही ऐकवायची. 'छंदांविषयी' आणि 'स्वतःविषयी' ही त्यांची दोन पुस्तकं लायब्ररीत मागा. स्वतःबद्दल बढाई न मारता कसं सांगायचं, ते तिथे कळतं. २०२२ मध्ये ते गेले.

आता तुमचा प्रश्न असेल, 'ते पुण्यातले. आमच्या मंद्रूपात काय आहे?' बघा की. गावावरून सोलापूर-विजयपूर हायवे जातो. स्टँडवर चहा पिताना एका कानावर मराठी पडते, दुसऱ्यावर कन्नड. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथला इ. स. १०१८ चा शिलालेख सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत गणला जातो. मनालीचे रील्स बघणाऱ्या आपल्यापैकी किती जण तिथे जाऊन आलेत?

नोकरीचं टेन्शन सगळ्यांनाच आहे. घरचे म्हणतात, 'एकच काहीतरी धर.' ते पोटासाठी धराच. पण हलगी, हार्मोनियम, बासरी, जे येतं ते 'परफेक्ट' होईपर्यंत माळ्यावर टाकू नका. भजनी मंडळात जाऊन बसा, चुकलं तर तिथले आजोबा सांगतील. एखाद्या रविवारी वही घेऊन एसटी पकडा, शेजारी बसलेल्याला कुठून आलात विचारा आणि ऐकून घ्या.

असे दहा रविवार झाले की बायो पुन्हा लिहायला घ्या. तेव्हा 'ट्रॅव्हलर'च्या जागी गावांची नावं लिहाल आणि माइक आला तर सांगायला माणसं असतील.