बरगडीचा पट्टा घेण्याआधी टेप हातात घ्या

पॉवरलूमच्या गावात बरगडीला मार लागणे ही नवलाची गोष्ट नाही. भिवंडी असो की मालेगाव, बीम चढवताना तो घसरून छातीवर येतो, मागाचा धोटा निसटून लागतो, गोदामात थप्पीवरची गठडी अंगावर येते. मार लागलेला माणूस मेडिकलच्या दुकानात जाऊन ‘बरगडीचा पट्टा द्या’ म्हणतो. दुकानदार अंदाजाने मीडियम काढून देतो आणि घरी गेल्यावर तो पट्टा जितका आवळता येईल तितका आवळला जातो. घट्ट बांधला म्हणजे हाड लवकर जुळते, असा आपल्या कारागीर बांधवांत सर्रास समज आहे. हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून आज या पानावर पट्ट्याचा विषय घेत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. परंतु पट्टा म्हणजे शेवटी इलॅस्टिक, कापड, शिलाई आणि माप, आणि कापडाच्या धंद्यात उमर गेल्यामुळे एवढे आम्हाला कळते. दवापाण्याची बाजू डॉक्टर लोक सांगतात तीच पुढे दिली आहे.

हात मोडला तर प्लास्टर घालून तो हलूच दिला जात नाही. बरगडीचे तसे नाही. माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात. त्यांना आवळून गप्प बसवायचे म्हटले, तर श्वासच अर्धा होतो. छातीच्या खालच्या भागात हवा पोहोचत नाही, कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. एके काळी डॉक्टर स्वतःच चिकटपट्ट्या लावून छाती बांधून टाकत. पुढे त्यातला धोका ध्यानात आला आणि आता मोडलेल्या बरगडीसाठी छाती घट्ट बांधू नये, असेच सांगितले जाते. साधी बरगडी सुमारे सहा आठवड्यांत आपोआप जुळते. तेवढ्या काळात दुखणे दवेने काबूत ठेवायचे, म्हणजे माणूस खोल श्वास घेऊ शकतो आणि खोकून कफ काढू शकतो. खरा इलाज हाच आहे. खोकताना उशी छातीशी धरावी. जागेपणी तासातासाला दहा वेळा सावकाश खोल श्वास घ्यावा. याला पैसा लागत नाही.

मग पट्टा घ्यायचाच कशाला? काही लोकांना उठता-बसताना, रिक्षात हादरे बसताना, खोकताना पट्ट्याचा आधार बरा वाटतो. बरगडी मोडलेली नसून नुसती मुरगळ असेल किंवा स्नायू दुखावला असेल, तर डॉक्टर काही वेळा थोड्या वेळापुरता पट्टा देतातही. पण तो डॉक्टरने सांगितल्यावर घ्यावा. दम्याचे रोगी, विडी-सिगारेट ओढणारे, वयस्कर माणसे आणि वर्षानुवर्षे कापसाची तूस नाकातोंडात घेतलेले आपले लूम कामगार यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. त्यांची छाती आधीच कमजोर असते. धाप लागणे, ताप, थुंकीत रक्त, किंवा खालच्या बरगडीला मार लागून पोट दुखू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर पट्ट्याचा विचार सोडून तडक दवाखाना गाठावा. खालच्या बरगड्यांच्या आड उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा असते, आणि आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही.

आता माप. यात सर्वात जास्त घोटाळा होतो तो शर्टाच्या नंबरामुळे. ग्राहक सांगतो, ‘माझा नंबर चाळीस.’ भाई, तो शर्टाचा नंबर झाला. शर्ट छातीच्या रुंद भागावर मापतात, शिवाय शिंपी त्यात लूज धरतो, ते वेगळेच. बरगडीचा पट्टा बसतो त्याच्या खाली, जिथे बरगड्या निमुळत्या होत जातात. चाळीस नंबरचा शर्ट घालणाऱ्याचे तिथले माप छत्तीसच भरणे सहज शक्य आहे. पँटच्या नंबरावर कमरेचा पट्टा घेणाऱ्यांचेही असेच होते. पोट सुटलेले लोक पँट पोटाखाली घालतात आणि पट्टा बसतो पोटावर.

टेप शिंप्याचा कापडी घ्यावा, तोही फार जुना नको, कारण वापरून वापरून टेप ताणला जातो आणि माप कमी दाखवतो. टेप नसेल तर पायजम्याचा नाडा गुंडाळून खूण करावी आणि तो नाडा फूटपट्टीवर मोजावा. पातळ बनियनवर माप घ्यावे, स्वेटर किंवा जाड कुर्त्यावर नको. सरळ उभे राहावे, टेप पुढून-मागून एका रेषेत असावा. मापताना लोक छाती फुगवतात किंवा पोट आत ओढतात. दोन्ही चूक. सावकाश श्वास चालू ठेवावा, टेप अंगाला नुसता लागलेला असावा आणि श्वासाबरोबर तो जेवढा मागेपुढे होतो त्याच्या मधला आकडा धरावा. आकडा दोनदा घेऊन जुळतो का पाहावे. त्यानंतर तो खोक्यावरच्या तक्त्याशी ताडून बघावा. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीचा लार्ज असू शकतो, म्हणून एस-एम-एलच्या अक्षरांवर विसंबू नये, इंच-सेंटिमीटर बघावेत. माप दोन साईजच्या सीमेवर आले तर बरगडीसाठी मोठी साईज घ्यावी. मोठा पट्टा थोडा जास्त आड घेता येतो, तोकडा ओढून बांधावा लागतो आणि ओढून बांधणे हेच तर टाळायचे आहे. मात्र इतका मोठाही नको की वेल्क्रोची काटेरी बाजू चिकटायच्या जागेपलीकडे जाईल.

बांधल्यावर पारख सोपी आहे. एक पूर्ण, खोल श्वास घ्या. पट्ट्याने तो अडवला तर पट्टा घट्ट आहे, सैल करा. खाली सहज दोन बोटे गेली पाहिजेत. झोपताना काढून ठेवावा, आणि डॉक्टरने सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त बांधू नये.

स्त्रियांसाठी वेगळा पट्टा मिळतो, त्याला पुढून छातीखाली बसेल असा कट दिलेला असतो. माप छातीच्या खाली घ्यायचे. आपल्या भगिनी दुकानात माप द्यायला संकोचतात आणि घरचा पुरुष अंदाजाने पट्टा आणतो. त्यापेक्षा घरातल्याच एखाद्या बाईने टेपने माप घ्यावे, चिठ्ठीवर इंच लिहून द्यावेत आणि ‘लेडीज’ असेही लिहावे. पोटाच्या ऑपरेशननंतरचा पट्टा निराळा, कमरेचा निराळा. दुकानात नुसते ‘पट्टा’ म्हटले की भलताच हातात पडतो.

कमरेच्या पट्ट्याविषयीही सांगणे जरूर आहे, कारण गोदामात तोच जास्त दिसतो. हा मागून रुंद असतो आणि त्यात धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या असतात. त्या पाठीच्या बाकाला लागून बसल्या पाहिजेत. काही कंपन्या माप बेंबीच्या रेषेवर मागतात तर काही कुल्ह्यावर, म्हणून आधी खोका वाचावा. बुटक्या माणसाला फार रुंद पट्टा बसताना वर बरगडीत आणि खाली मांडीत टोचतो. त्याने कमी पन्ह्याचा घ्यावा.

काही मालक एकदम दोन डझन मीडियम आणतात, हमालांना वाटतात आणि समजतात की आता गठडी जड असली तरी हरकत नाही. नियत चांगली असेल, पण हिशेब चुकतो. अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने 1994 मध्येच सांगितले होते की निरोगी कामगाराची पाठ पट्ट्याने सुरक्षित राहते असा पुरावा नाही. त्याच संस्थेच्या लोकांनी पुढे 160 दुकानांतल्या नऊ हजारांहून अधिक कामगारांची पाहणी केली. ती 2000 साली छापून आली, आणि पट्टा बांधणाऱ्यांत पाठदुखी कमी आढळली नाही. पट्ट्याने अंगात ताकद येत नाही. उलट ताकद आल्यासारखे वाटते आणि माणूस जास्त वजन उचलतो. जागतिक कामगार संघटनेने 1967 मध्ये एका पुरुषाच्या ओझ्यासाठी 55 किलोच्या वर जाऊ नये अशी शिफारस केली आहे. पट्ट्यावर घालायचा पैसा हातगाडीवर आणि गठडी लहान बांधण्यावर घातला, तर कामगाराची कंबर वाचेल आणि मालकाच्या कामाचा खाडाही वाचेल. ज्याची पाठ आधीच दुखते त्याला डॉक्टर पट्टा देतात ती बाब वेगळी. त्याने तो आपल्या मापाचा घ्यावा, दुसऱ्याचा बांधू नये.

नमाजी बांधव विचारतात म्हणून लिहितो. बरगडीचा किंवा कमरेचा पट्टा वुजूच्या अवयवांवर येत नाही, त्यामुळे वुजूसाठी तो सोडावा लागत नाही. कडक पट्टा बांधून रुकू-सजदा करताना त्रास होत असेल, तर वाकायचे किती हे डॉक्टरला आणि खुर्चीवर नमाजचा मसला आपल्या आलिमांना विचारावा. रमजानमध्ये इफ्तारनंतर भरल्या पोटावर पट्टा आवळू नये, जळजळ होते. जेवणाआधी सैल करावा.

मालाची पारख करताना इलॅस्टिक दोन्ही हातांनी चांगले ताणून सोडावे. ते लगेच मूळ लांबीवर आले पाहिजे, लहरी पडून राहिले तर महिन्यात सैल होणार. कडेची शिलाई दुहेरी आहे का, आतून अंगाला लागणारे कापड सुती किंवा जाळीदार आहे का, हे पाहावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद रबरी पट्ट्याने घामोळे उठते. वेल्क्रो दहा-पंधरा वेळा उघडबंद करून बघावा. लूमच्या खात्यात वेल्क्रोत तूस भरते आणि आठ दिवसांत तो धरेनासा होतो. जुन्या दातांच्या ब्रशने तूस काढली की पुन्हा धरतो, नवा पट्टा घ्यायची गरज नाही. धुताना आतल्या पट्ट्या काढाव्यात, वेल्क्रो बंद करावा, थंड पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावा. गरम पाणी आणि इस्त्री लागली की इलॅस्टिक मेले.

खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी. सुट्या, बिननावाच्या पट्ट्यावर मापाचा तक्ताच नसतो. बिल जरूर घ्यावे आणि पट्टा दुकानातच बनियनवर बांधून पाहावा, कारण घरी नेऊन वापरलेला पट्टा बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत.